साळवे सिस्टरांची कानाची खुर्ची

आमच्या शिरूरच्या कॉलनीत साळवे सिस्टरांचं घर कुणाला विचारलं, तर लोक आधी हसायचे आणि मग पत्ता सांगायचे. "ते व्हय, मडमिनीचं घर? फुडं जावा, डाव्या हाताला." ते हसणं आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. कारण हसणाऱ्याच्या स्वतःच्या घराला पुढं दोन गोल खांब असायचे, खांबांच्या माथ्यावर सिमेंटच्या पानांची वेटोळी, गच्चीला पांढऱ्या बाटल्यांसारखा कठडा आणि फाटकावर दोन सिंह. रांजणगावला एमआयडीसी आली, जमिनी गेल्या, हातात पैसा आला आणि ज्याच्या त्याच्या घराला रोमचे खांब फुटले. त्याला कुणी हसलं नाही. त्याला 'एलिव्हेशन' म्हणाले. आणि सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सनं आपल्या लहानशा घरातली एक खोली, एकच, विलायती पद्धतीनं सजवली तर ती मडमीण! खांब रस्त्यावरच्या लोकांना दाखवायला होते. सिस्टरांची खोली आत येणाऱ्यासाठी होती, एवढाच काय तो फरक, आणि तोच कुणाला झेपला नाही.

मी त्यांची भिंतीला भिंत शेजारीण. शाळेत मराठी शिकवायचे. त्या मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'सिस्टर'. त्यांचे मिस्टर, आमचे साळवे भाऊजी, रांजणगावला कंपनीत शिफ्टला होते. अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. घरातलं काही विचारलं की म्हणायचे, "हिला विचारा, मला फकस्त कंपनीच्या बसचा टाइम म्हाईत."

सिस्टर उंच, सावळ्या, पाठीला कधी बाक नाही. पलंगावरच्या चादरीचे कोपरे दवाखान्यातल्यासारखे घट्ट दुमडायच्या, आमच्या घरी आल्या तरी बोलता बोलता आमची चादर ओढून सारखी करायच्या. त्यांची सगळ्यांत मोठी खोड म्हणजे उभ्या माणसाशी त्या बोलत नसत. दूधवाला असो, गॅसची टाकी आणणारा असो, मीटर बघायला आलेला असो, त्याला आधी आत घेऊन खुर्चीवर बसवायच्या. "बसल्याबगर मी बोलत न्हाई," एवढंच म्हणायच्या. घाईतला माणूस कावून जायचा. दवाखान्याच्या व्हरांड्यात खेड्यातले लोक भिंतीला टेकून उकिडवे बसलेले दिसले, की त्यांना दंडाला धरून उठवायच्या. "बाकडं काय शोभेला ठेवलंय का? वर बसा."

माझ्या सासूबाईंना हे फार चमत्कारिक वाटायचं. आम्ही धनगर. सासऱ्यांपर्यंत दारात मेंढरं होती, त्यामुळं सासूबाईंना घोंगडीवर भुईला बसल्याशिवाय बसल्यासारखंच वाटत नसे. त्या पहिल्यांदा सिस्टरांकडं गेल्या आणि सवयीनं खाली टेकायला लागल्या, तसं सिस्टरांनी त्यांना मधल्यामध्ये झेललं.

"आत्याबाई, वर."

"अगं, मला मांडी घालाया लागती."

"मांडी घाला न्हाईतर पाय पसरा. पन खुर्चीवर."

मग सासूबाई मखमली खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि बशीतून चहा प्यायल्या. घरी येऊन म्हणाल्या, "बाई येडी हाय, पन मान ठिवती." त्यांच्याकडून एवढं सर्टिफिकेट मला संसाराच्या इतक्या वर्षांत मिळालं नाही.

ती खोली एका दमात झाली नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्याला घर बांधून झालं आणि पुढं कितीतरी वर्षं ती खोली होतच राहिली. आधी अर्ध्या भिंतीपर्यंत लाकडाचे चौकटीदार पॅनेल. वर फिक्या हिरव्या पट्ट्यांचा वॉलपेपर, तो पहिल्या पावसाळ्यात सुटला म्हणून पुन्हा लावलेला. स्वतः विणलेले क्रोशाचे पडदे. वरवंडच्या एका सुताराकडून करून घेतलेलं गोल जेवणाचं टेबल. सुतार म्हणत होता, चौकोनी घ्या, भिंतीला लागतं, जागा वाचती. सिस्टर म्हणाल्या, "चौकोनीला एक मानाची, डोक्याकडची बाजू येते. ती मला नकोय."

आणि शेकोटी! भिंतीत कमान, कमानीवर फळी, खाली विटांचा कोनाडा. गवंडी कपाळाला हात लावून बसला होता.

"ताई, धूर कुठनं जानार?"

"धूर करायचाच न्हाई."

"मंग चूल कशापायी?"

"ती चूल न्हाई. तिच्यापुढं बसायचं असतं."

शिरूरच्या उन्हाळ्यात शेकोटीपुढं कोण बसणार, हे विचारायची गवंड्याची छाती झाली नाही. फळीवर बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धाची छोटी मूर्ती आली. कोनाड्यात मोठ्या बरणीत उसाचे तुरे. ते रुपेरी तुरे त्या विलायती कमानीत इतके छान दिसायचे की मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी लगेच मला खुर्चीवर बसवून ते पुन्हा सांगायला लावलं.

छताच्या कडेनं पीओपीची नक्षी करायला उत्तर प्रदेशातला एक कारागीर आला होता. त्यानं विचारलं, "मॅडम, गुलाब डालूँ कि अंगूर? सब अंगूर डालते हैं." सिस्टर म्हणाल्या, "अंगूर नको. पिंपल का पान डालो." त्यानं बाहेर जाऊन पिंपळाचं पान आणलं, त्याचा साचा केला आणि खोलीभर पिंपळपानांची किनार फिरवली. सगळ्या कॉलनीत तशी किनार एकच होती, आणि तीच लोकांना नकली वाटली!

हे सगळं त्यांच्या डोक्यात दौंडहून आलं होतं. त्यांचे वडील, आबा, दौंडला रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामाला, होते. रेल्वेच्या बंगल्यांमध्ये तेव्हा अँग्लो-इंडियन लोक होते. त्यांतल्या एका गार्डची बहीण, ग्रेस मेम, हिच्याकडं सिस्टरांची आई भांडी घासायची. लहानपणी सिस्टर आईबरोबर जात आणि दारात बसून राहत. एकदा हिवाळ्यात मेम म्हणाली, "फर्शी ठंडा है, ऊपर बैठो," आणि त्या लहान पोरीला उचलून आपल्या मोठ्या खुर्चीत ठेवलं.

"बाई, माझे पाय भुईला लागत नव्हते," सिस्टर सांगायच्या. "आन् मी वाट बघत होते, आता कुनी तरी उठ म्हनंल. कुनीच म्हनलं न्हाई."

मेम काही देवी नव्हती. काम झाल्यावर चमचे मोजून घ्यायची, आणि आईला मात्र ती कधी खुर्चीवर बस म्हणाली नाही. सिस्टर हेही सांगायच्या, लपवायच्या नाहीत. आबा संध्याकाळी दोघींना न्यायला येत आणि बंगल्याच्या पायरीखाली उभे राहत. मेम त्यांना एक-दोनदा म्हणाली होती, "राम, अंदर आव." ते गेले नाहीत.

मेम म्हातारपणी भावाच्या मुलांकडं ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा तिनं सामान विकायला काढलं. सिस्टर ड्यूटी बदलून दौंडला गेल्या आणि ती खुर्ची घेऊन आल्या. पाठ उंच, हात गुबगुबीत आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढं आलेले दोन पंख. आमच्या गल्लीनं तिचं नाव 'कानाची खुर्ची' पाडलं. टेम्पोवाला म्हणाला, आडवी टाकू. सिस्टरांनी ती टाकू दिली नाही. उभीच ठेवली, दोरीनं बांधली आणि हलू नये म्हणून स्वतः तिच्यात बसल्या. दौंड ते शिरूर उघड्या टेम्पोत, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मध्ये खुर्चीत ताठ बसलेल्या सिस्टर! वाटेत पोरं टेम्पोमागं ओरडत धावली म्हणे. कॉलनीत उतरल्या तेव्हा केसांत धुळीचा थर होता आणि चेहरा असा, की मलाच उगाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

याच खोलीत आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांची सून एकदा आली. पुण्यात इंटिरियरचा कोर्स केलेली, बोलायला गोड. इकडं तिकडं बघून म्हणाली, "काकू, वाईट मानू नका, पण हे युरोपियन आता फार जुनं झालं. आता आपलं एथनिक चालतं. इथं मस्त भारतीय बैठक करा. गादी, लोड, तक्के. कोपऱ्यात जुनं जातं ठेवा, त्यावर काच टाकली की सुंदर टी-टेबल होतं."

 सिस्टर अगदी हळू बोलल्या. "जातं? माझ्या आयेच्या हाताला त्यानं घट्टे पाडले. त्याच्यावर कप ठेवून चहा पिऊ व्हय मी?"

"नाही, म्हणजे आपली संस्कृती..."

"आन् बैठक म्हनतीस. त्या लोडाला टेकून कोन बसनार? गादीच्या कडंला कोन? आन् पायतानापाशी कोन, ते बी सांग की. तुझ्या त्या कोर्सात शिकवलं आसंल."

ती पोरगी रडकुंडीला आली. तिची काही चूक नव्हती, हे मलाही कळत होतं; तिला कुणी कधी पायताणापाशी बसवलंच नव्हतं, तर कळणार कुठून? पण म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. तुम्हाला लोड-तक्क्यांत फक्त सौंदर्य दिसतं, कारण तुम्ही कायम त्यांना टेकूनच बसलात. मी हे तिला तिथंच सुनावलं. सिस्टरांनी मात्र तिला चहा पाजून पाठवलं.

आता खरं दुखणं सांगते. ही सगळी खोली ज्या एका माणसासाठी होती, तो त्या खोलीत बसतच नव्हता.

आबा रिटायर झाल्यावर गावी गेले होते, धाकटा मुलगा मिलिंद याच्याकडं. मांडवगण फराट्याच्या पुढं नदीकाठचं गाव. नाव लिहीत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत आणि एकाचंच नाव घेतलं तर बाकीची सुटतात. अधूनमधून एसटीनं लेकीकडं येत. धुवट धोतर, पांढरी टोपी, हातात शेंगांची पिशवी. आले की उंबऱ्याच्या आत चपलांशेजारी भिंतीला टेकून खाली बसायचे.

"आबा, वर बसा."

"हाय की बरं हितं. गार लागतंय."

"आबा, ही खुर्ची तुमच्यासाठी आनलीय."

"व्हय गं. चांगली हाय खुर्ची." आणि तिच्याकडं लांबूनच बघायचे, दौंडच्या पायरीखालून बघत असतील तसे.

सिस्टर इरेला पेटल्या. त्यांनी उंबऱ्याजवळची ती जागाच बंद करून टाकली. तिथं पितळी छत्रीदाणी ठेवली, शेजारी मोठ्या कुंडीत पाम. पुढच्या खेपेला आबा आले, त्यांनी जागा बघितली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. म्हणजे आधी निदान घरात तरी होते! सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, कुनी शिकवलं ह्यांना हे? मला तो मानूस दाखवा, मी त्याला विचारते."

तो माणूस एके दिवशी स्वतःच्या पायांनी आला. आबांच्या गावचे मोठे बागायतदार, बापूसाहेब. त्यांची आई शिरूरला मुलीकडं आजारी होती, तिला रोज इंजेक्शन द्यायला घरी कुणी तरी हवं होतं. मी तेव्हा सिस्टरांकडंच बसले होते. आबा बाहेर पायरीवर होते. बापूसाहेब जीपमधून उतरले, पायरीवरच्या म्हाताऱ्याला ओलांडल्यासारखे आत आले आणि सरळ कानाच्या खुर्चीत बसले. आबा उठून त्यांच्यामागं आत आले आणि टोपी काढून दारापाशी उभे राहिले.

"रामा, बरा हायेस ना?" बापूसाहेब म्हणाले. आबांच्या मुलाच्या वयाचा माणूस! "उभा का? बस की खाली."

सिस्टर चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"बापूसाहेब, जरा उठता का?"

"का?"

"माझे आबा उभे हायेत. माझ्या घरात मोठं मानूस उभं असताना ल्हान मानूस बसत न्हाई. आन् खाली बसायची जागा ह्या घरात ठेवलेलीच न्हाई."

बापूसाहेब हसले. पण उठले. खुर्चीकडं हात करून म्हणाले, "बसा रामभाऊ. लेकीचं फर्मान हाय."

खोलीत तेव्हा सगळेच उभे होते. मीही उठले होते. रिकामी खुर्ची मध्ये. सिस्टर आबांकडं बघत होत्या, आणि मला आजही वाटतं, त्या क्षणी आबा दोन पावलं पुढं आले असते तर त्या बाईच्या आयुष्यातलं निम्मं भांडण मिटलं असतं. आबांनी हात जोडले.

"न्हाई बापूसाहेब. तुमीच बसा. पोर खुळी हाय, मनावर घिऊ नगा."

बापूसाहेब बसले नाहीत, चहाही प्यायले नाहीत. संध्याकाळी गावी परत जाताना त्यांनी आबांना जीपमध्ये मागच्या बाजूला बसवून नेलं, आणि आबा गेले. जाताना लेकीला म्हणाले, "तुजी खुर्ची तुला लखलाभ. मला त्या गावात ऱ्हायचं हाय." त्यानंतर ते बरेच दिवस शिरूरला फिरकले नाहीत.

आणि आमची कॉलनी! जीप गेली तशी बातमी फुटली. मडमिनीनं पाहुण्याला उठवलं. पायरी सोडली. बापालाही घालवलं. ज्यांच्या पोरांच्या तापात ही बाई धावत जायची, ज्यांची बाळंतपणं हिनं उरकली, त्या बाया गेटाशी उभ्या राहून हे बोलत होत्या. मी त्यांच्याशी भांडले आणि नंतर कितीतरी दिवस हळदीकुंकवाला गेले नाही. सिस्टर मात्र बापूसाहेबांच्या आईला रोज इंजेक्शन द्यायला गेल्या. तिथं त्यांना कुणी एकदाही 'बसा' म्हटलं नाही. मी संतापले तर म्हणाल्या, "इंजेक्शन उभ्यानंच देतात, बाई. म्हातारीचा काय दोष?"

पुढं सिस्टर रिटायर होऊन मुलाकडं पुण्याला गेल्या, घर विकलं गेलं. पण मला त्या डोळ्यांपुढं दिसतात त्या एका दुपारच्या.

आबांचं काळीज थकलं होतं. छातीत पाणी व्हायचं, आडवं केलं की दम कोंडायचा. मिलिंदनं त्यांना शिरूरला आणलं. दवाखान्यात काही दिवस काढल्यावर डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सिस्टरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पलंगावर कितीही उशा लावल्या तरी आबा घसरायचे, मान कलंडायची आणि श्वास अडकायचा. शेवटी सिस्टरांनी त्यांना उचललं आणि कानाच्या खुर्चीत ठेवलं. मान खुर्चीच्या डाव्या कानाला टेकली. श्वास थोडा मोकळा झाला.

"हितं नगं गं," आबा पुटपुटले.

"औषध म्हनून बसा, आबा."

औषध म्हटल्यावर ते बसले. सिस्टर स्वयंपाकघरात आल्या आणि माझा हात घट्ट धरून, आवाज दाबून, रागानं म्हणाल्या, "बसले बाई. छातीत पानी झालं तवा बसले!"  हा राग त्या कुणावर काढणार होत्या? आबांवर? बापूसाहेब तर केव्हाच विसरून गेले असतील.

मग त्यांनी त्या खुर्चीची खाटच केली. पायांखाली स्टूल, कमरेला उशी, दर थोड्या वेळानं पाठ चोळणं. आबा तिथंच झोपायचे, तिथंच पेज प्यायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, हिचं कान बरं हायेत. मुंडकं पडत न्हाई." सिस्टरांनी ते ऐकलं आणि पडदा सारखा करायला पाठ फिरवली.

त्या दुपारी श्वास लांबायला लागले. गावचे भावकीतले लोक आले होते, आबांचे धाकटे भाऊही होते, आणि खोली भरली होती. चुलते पुढं झाले.

"मिलिंद, सतरंजी आन. आबाला खाली घ्या."

जाणाऱ्या माणसाला भुईवर घेतात, ही रीत कुणाला सांगावी लागत नाही. मिलिंद सतरंजी आणायला वळला.

"कुनी हात लावायचा न्हाई," सिस्टर म्हणाल्या.

"अगं, रीत हाय. जीव अडकतो."

"कुनाची रीत? आपन बौद्ध झालो ना, काका? आन् खाली घेतलं तर आत्ताच दम कोंडंल त्यांचा." त्यांचा आवाज चढला. "जलमभर खालीच होते माझे आबा. त्या बंगल्याच्या पायरीखाली, बापूसाहेबाच्या वसरीखाली, माझ्या दारात चपलांपाशी. आता खाली न्हाई."

चुलते मागं सरले नाहीत. बाकीचे भिंतीकडेनं उभे राहिले. बाहेर कंपनीची बस येऊन थांबली, साळवे भाऊजी डबा हातात घेऊनच आत आले आणि दाराशी थबकले. आबांनी एकदा डोळे उघडून समोरच्या सगळ्या उभ्या माणसांकडं बघितलं. मग डोळे मिटले. थोड्या वेळानं सिस्टरांनी त्यांची नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली आणि हात हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला.

चुलते खाकरले. हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, आता तरी घिऊ दे खाली."

साळवे सिस्टर, ज्यांना आमच्यातल्या कुणी कधी भुईला टेकलेलं पाहिलं नव्हतं, त्या खुर्चीपुढं फरशीवर बसल्या. आबांचे दोन्ही पाय स्टुलावरून उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

"खाली मी बसलीय, काका," त्या म्हणाल्या. "त्यांना वर राहू द्या."